दापोलीत ॲग्रीचं पहिलं वर्ष: हॉस्टेल, गाववाल्यांची खोली की मावशीचं घर?

बाणकोटखाडी
नमस्कार मंडळी. मुलाला दापोलीच्या कृषी महाविद्यालयात बीएस्सी ॲग्रीला प्रवेश मिळालाय. आम्ही मंडणगड तालुक्यातले. दापोली तशी जवळ, पण रोजची ये-जा जमणार नाही. मुलगा अभ्यासात बरा, स्वभावाने मात्र अगदीच बुजरा. पाहुणे आले की हा मागच्या पडवीत. बारावीपर्यंत एकच मित्र होता, तोही आता मुंबईला गेला.

कॉलेजच्या हॉस्टेलला अर्ज करता येईल, पण खोलीत कोण येईल ते आपल्या हातात नाही. आमच्या वाडीतलेच दोन मुलगे दापोलीत खोली घेऊन राहतात, एक आयटीआयला, एक बीकॉमला; ते म्हणतात, काकी, आमच्यात पाठवा. शिवाय माझी सख्खी बहीण तिथेच राहते. आमच्या ह्यांचं मत बहिणीकडे ठेवावा, म्हणजे जेवणाची चिंता नको. मला जेवणाची नाही, हा चार माणसांत मिसळेल कुठे याची चिंता आहे. अनुभव असेल त्यांनी सांगा.

संपदा_के
ताई, मावशीकडे नको. मी रत्नागिरीत आत्याकडे राहून कॉलेज केलं. आत्या म्हणजे देवमाणूस, पण मी येईपर्यंत ती जेवायची थांबायची, त्यामुळे सातच्या आत घरात. गॅदरिंगच्या तालमी, परीक्षेच्या आदल्या रात्रीची जागरणं, सगळं मला दुसऱ्या दिवशी ऐकायला मिळायचं. नातेवाईक वाईट नसतात हो, पण त्यांच्या घरी आपण पाहुणेच राहतो.

वडापवाला
गाववाल्यांबरोबर ठेवा. बुजऱ्या पोराला एकदम अनोळखी पोरांत सोडलात तर महिन्याभरात बॅग घेऊन दारात. आधी रुळू दे, पुढच्या वर्षी बघा हॉस्टेलचं.

कोकणी_ॲग्रीकोस
वडापवाले, तुमचा मुद्दा कळतो, पण पुढच्या वर्षीपर्यंत बॅचमधले गट पक्के झालेले असतात. मी तिथलाच माजी विद्यार्थी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ॲग्रीचा प्रवेश राज्यभरातून होतो. त्यामुळे लातूर, बुलढाणा, सांगली, नगर अशी कुठकुठची पोरं एकाच मजल्यावर. सुरुवातीला सगळीच बावरलेली. लातूरवाल्याला भात जड जातो, सांगलीवाल्याला दमट हवेत झोप लागत नाही, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. पॅसेजमध्ये दोऱ्या बांधलेल्या असतात, आणि कोणाची चड्डी कोणाच्या दोरीवर यावरून पहिलं भांडण आणि पहिली ओळख एकदमच होते. तिथे बोलघेवडं असायची गरज नाही, नुसतं असावं लागतं.

खोलीवर राहणारी पोरं प्रॅक्टिकल संपलं की निघून जातात. डबा येतो, तो मोबाईल समोर धरून खायचा. त्यातून तुमच्या वाडीतली दोघं वेगळ्या कॉलेजची, त्यांचं वेळापत्रक वेगळं, गप्पा वेगळ्या. आमच्याकडे जर्नलं, तणांचं हर्बेरियम (वाळवून चिकटवलेल्या झाडांचा संग्रह), पुढे कीटकांचा संग्रह. ही कामं एकट्याने होतात, पण एकट्याने कोणी करत नाही. रात्री अकराला मेसच्या बाहेर दिव्याखाली किडे पकडायला काचेची बरणी घेऊन पाच जण उभे, त्यात आपला मुलगा असायला हवा की नको?

आता खरी मेख. ताई, हॉस्टेलला घाला, पण दर शनिवारी घरी बोलावू नका. शनिवारी दुपारी खेड, चिपळूण, रत्नागिरीची पोरं पिशव्या घेऊन स्टँडवर जातात आणि सोमवारी सकाळी परत येतात. मागे राहतात ती लांबची. रविवारी कपडे धुवायचे, उशिरा जेवायचं, मग चौघं मिळून समुद्रावर, कर्द्याला नाहीतर हर्णैला. दोस्ती तिथे जमते, वर्गात नाही. जवळची पोरं वर्षभर हॉस्टेलात राहूनही पाहुणीच राहिलेली मी पाहिलीत.

आणि इथे तुमच्या मुलाचं पारडं जड आहे. आमच्या वेळी बाणकोटकडचाच एक जण होता, तोंडातून शब्द काढायचा नाही. पहिल्यांदा सगळे हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव बघायला गेलो. विदर्भातल्या पोरांना बांगडा आणि सुरमईतला फरक कळेना. याने एकेक मासा हातात घेऊन दाखवायला सुरुवात केली: हा ताजा, ह्याचे कल्ले बघा, हा बर्फातला, ही मांदेली, ह्याला काटे फार. अर्धा तास एकटाच बोलत होता. त्यानंतर मासळी घ्यायची तर त्याच्याशिवाय कोणी जायचं नाही.

मालवणी_मुलूख
माझो झील पण असोच. पोटात भूक असली तरी कोणाक विचारूचो नाय. खोलीत एकट्याक ठेवू नका, तीन जणांची खोली मिळाली तर बेस.

बाणकोटखाडी
कोकणी_ॲग्रीकोस, मनापासून आभार. ह्यांना वाचून दाखवलं, गप्प झालेत, म्हणजे निम्मं काम झालं. दोन शंका आहेत. रॅगिंगचं काय? आणि गणपतीला तरी घरी येऊ दे ना?

शासकीय_कारकून
रॅगिंगबद्दल सांगतो. यूजीसीचे २००९ चे नियम आहेत. नवीन मुलांना शक्यतो सीनियरपासून वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवायचं, असं त्यात लिहिलंय. प्रवेशाच्या वेळी मुलगा आणि पालक दोघांकडून रॅगिंगविरोधी हमीपत्र घेतात, ते न वाचता देऊ नका. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, मुलाच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी स्वतंत्र कायदाही आहे. बघायला जाल तेव्हा रेक्टर आवारातच राहतात का आणि रात्री हजेरी कोण घेतं, हे विचारा.

जमीन कमी असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनाही बघा. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी आहे. अटी आधी नीट वाचा, सातबारा, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा.

वडापवाला
हरलो. पण एक सांगतो, पहिल्या आठवड्यात पोर रडत फोन करेल. लगेच गाडी काढून निघू नका.

कोकणी_ॲग्रीकोस
अहो, गणपतीला कोकणातलं पोर अडवून ठेवायचं म्हटलं तर हॉस्टेलच पेटून उठेल. येऊ दे की. उलट येताना लातूर-बुलढाण्याचा एखादा रूममेट बरोबर आणायला सांगा, त्यांना तेवढ्या दिवसांत इतक्या लांब घरी जाणं परवडत नाही. तुमच्या घरी तो आरतीला उभा राहिला, मोदक खाल्ले, की पुढचं जमवायला तुमच्या मुलाला काही बोलावं लागणार नाही.

मावशीकडे महिन्यातून एखाद्या रविवारी जेवायला, तेही दोघा-तिघांना घेऊन. मावशीला आधी फोन मात्र करा, हॉस्टेलची पोरं किती खातात याची तिला कल्पना नसेल.

बाणकोटखाडी
तिला कल्पना आहे, तिचे दोन्ही मुलगे हॉस्टेललाच होते. उद्या ह्यांना आणि मुलाला घेऊन हॉस्टेल बघायला जातोय. तीन जणांच्या खोलीचं विचारते. आणखी काही बघायचं असेल तर रात्रीपर्यंत लिहा, सकाळी पहिली एसटी धरायची आहे.

संपदा_के
दुपारच्या जेवणाच्या वेळी पोहोचा, मेस तेव्हाच कळते. तुम्ही दोघं बाहेर थांबा, मुलाला एकट्याला आत पाठवा.