तासाला जमतं, मैदानावर का नाही?
अध्ययन अक्षमता (वाचणं, लिहिणं, गणित शिकणं कठीण जाणं) असलेल्या मुलांना इतरांशी वागण्या-बोलण्याची कौशल्यं शिकवतात, त्या तासाला ‘माझी पाळी कधी?’ असं नीट विचारणारा मुलगा मधल्या सुट्टीत पुन्हा धक्काबुक्की करतो, म्हणजे सगळं वाया गेलं, असं एका ताईंनी लिहिलंय. मला तसं वाटत नाही.

कौशल्य येतच नसणं आणि येत असूनही ऐन वेळी न सुचणं, या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिल्या अडचणीसाठी करून दाखवणं, भूमिका घेऊन सराव आणि लगेच प्रतिसाद लागतो. दुसऱ्या अडचणीत, विशेषतः एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं कठीण जाण्याची स्थिती) असलेल्या मुलांचा, नियम तोंडपाठ असतो. त्यांना पुन्हा तोच पाठ देऊन काय होणार? जिथे गोष्ट घडते तिथेच हळूच आठवण करून देणारं आणि जमलं की त्याच क्षणी शाबासकी देणारं कोणीतरी हवं.

म्हणून सराव खोलीबाहेर न्या. आमच्या मालवणात एसटीत स्वतः तिकीट मागणं, बंदरावर थांबून मासळीचा भाव विचारणं, गणपतीच्या आरतीत झांज आळीपाळीने वाजवणं, हे सहज होतं. आजी, मामा, वाडीतली मोठी मुलं, सगळ्यांनी आठवण त्याच ठरलेल्या वाक्यात करून द्यावी. वर्गमित्रांनाही शिकवा, एकट्यालाच सुधारायला बसवणं अन्यायाचं आहे. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, त्यामुळे शाळेकडे मदत हक्काने मागा.