वाळक्या समुद्रघोड्यांचा डीएनए: मदत हवी आहे

पारंपरिक औषधासाठी विकले जाणारे 14 वाळके समुद्रघोडे जातीपर्यंत ओळखायचे आहेत. अख्खी हिप्पोकॅम्पस प्रजाती (म्हणजे समुद्रघोड्यांच्या सगळ्या जाती) 2004 पासून साइटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 2 मध्ये असली, तरी मला नेमकी जात हवी. बहुतेकांचे तोंड मोडलेले, त्यामुळे अंगावरची कडी-काटे मोजून भागत नाही. काही तर ब्लीच केल्यासारखे पांढरेफटक.

शेपटीचा तुकडा कुटून, प्रोटिनेज-के (प्रथिनं तोडणारं विकर) घालून रात्रभर ठेवून डीएनए काढला. सीओआयचा (जात ओळखायला वापरतात ते जनुक) सुमारे 650 बेसचा तुकडा पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) फक्त तिघांत उठला. डीएनए दहापट पातळ करूनही तेच, म्हणजे पीसीआरला अडथळा आणणारं रसायन नसावं. डीएनएच तुटला असणार. ताजे नमुने मिळणार नाहीत, नेक्स्ट-जनरेशन सिक्वेन्सिंगही परवडत नाही.

200 बेसच्या आत कुडा आणि ट्रायमॅक्युलॅटस या दोन जाती खात्रीने वेगळ्या करणारा प्रायमर (हवा तो तुकडा पकडणारा डीएनएचा छोटा धागा) कुणी वापरलाय का? सीओआयचा की सायटोक्रोम-बी या दुसऱ्या जनुकाचा?