डाईहाऊसच्या पाण्यातलं मीठ कसं कमी करायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापुरात आमचं छोटं डाईहाऊस आहे, टॉवेलसाठी कॉटन यार्न रंगवतो, रिॲक्टिव्ह रंगात (ते सुताशी रासायनिक जोडले जातात, पण सुतावर चढायला पाण्यात भरपूर मीठ लागतं), आणि अजून हँकवरच, म्हणजे सुताच्या सुट्या लडींवर. ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण) आहे, म्हणजे चुना, फेरस सल्फेट, पॉली (गाळ गोळा करणारं पॉलीइलेक्ट्रोलाइट), गाळ बसला की वरचं पाणी वाळू आणि कार्बन फिल्टरमधून. रंग जातो पण टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) हलतच नाही, चुन्या-फेरसने उलट थोडा वाढतो. लिमिट लिटरला २१०० मिलिग्रॅम आणि नेव्ही, मरून लागले की आमचा ६०००च्या वर. गाळाची पोती साठतात ती वेगळीच, घातक कचरा म्हणून कुठेही टाकता येत नाही.

परवा हिशोब मांडला आणि झोप उडाली. १०० किलो सुताला १:१५ ने (किलोला १५ लिटर पाणी) १५०० लिटर बाथ, म्हणजे रंगाचं पाणी, लिटरला ६० ग्रॅम धरलं तर ९० किलो मीठ, आणि मीठ काही सुतावर राहत नाही, सगळं गटारात. कोन डाइंगच्या (सूत कोनवर गुंडाळून रंगवायच्या) मशीनवर १:७ ने हेच ४२ किलोवर येतं. आमच्या शेडमागच्या बोअरचं पाणी खारट झालंय, ते आता आम्हीच पीत नाही, म्हणून हे फक्त नोटिशीपुरतं विचारत नाहीये.

आरओ टाकला तरी रिजेक्टचं, म्हणजे त्यातून उरणाऱ्या जास्त खारट पाण्याचं काय? तिरुपूरला २०११ मध्ये हायकोर्टाने डाइंग युनिट बंद केल्यावर झेडएलडी (सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडणं) खऱ्या अर्थाने लागू झालं, तिथे ब्राइन (मिठाचं पाणी) परत डाइंगला वापरतात, पण त्यासाठीचा इव्हॅपोरेटर (पाणी आटवायचं यंत्र) आमच्या ऐपतीबाहेर आहे. कमी मिठाचे बायफंक्शनल रंग (सुताशी दोन ठिकाणी जोडले जाऊ शकणारे रिॲक्टिव्ह रंग) डार्क शेडला कोणी वापरलेत का? शेड जुळते का?

प्रतिसाद: दादा, आधी पाणी वेगळं करा. डाय बाथ आणि पहिली धुलाई एका टाकीत, बाकी दुसरीत, खरं मीठ पहिल्या दोनातच असतं. साबणाच्या आधी मीठ नीट काढा, मीठ राहिलं की न चिकटलेला रंग सुटत नाही आणि मग धुलाया वाढतात. शेवटच्या धुलाईचं पाणी पुढच्या लॉटच्या पहिल्या धुलाईला चालतं, फक्त डार्कचं लाइटला नको. ब्लीचनंतर सुतात उरलेलं पेरॉक्साइड मारायला एन्झाइम वापरलं तर तिथल्याही धुलाया वाचतात.

धागाकर्ता: खूप आभार. दुसरी टाकी रिकामीच आहे, सोमवारी पाइप फिरवतो आणि प्रत्येक धुलाईचा टीडीएस मोजून इथे टाकतो. रंगांचं मात्र कोणीतरी सांगा.