कायदा पाळला की झालं, धंद्याला वेगळी नीतिमत्ता कशाला?

हिशेबी:
'व्यावसायिक नीतिमत्ता' हल्ली प्रत्येक वार्षिक अहवालात असते आणि वाचून हाती काही लागत नाही. माझं मत सरळ आहे. धंदेवाल्याने कायदा पाळावा, कर भरावा, पगार वेळेवर द्यावा. समाजाचं भलं करण्याचा ठेका त्याने का घ्यायचा? अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० सालच्या एका लेखात हेच मांडलं. मॅनेजर ज्या पैशांतून पुण्य कमावतो, ते असतात भागधारकांचे. दानधर्म करायचाय तर स्वतःच्या खिशातून करा.
आणि एन्रॉन आठवा, हिशेबातल्या घोटाळ्यांसाठी गाजलेली अमेरिकी ऊर्जा कंपनी. ६४ पानांची आचारसंहिता होती त्यांची. डिसेंबर २००१ मध्ये दिवाळं वाजलं.
विरोधी मतं जरूर लिहा, फक्त प्रवचन नको.

आडवाप्रश्न:
फ्रीडमन अर्धेच सांगितलेत. नफा कमवा, पण समाजाचे मूलभूत नियम पाळून, कायद्यातले आणि नैतिक रूढींतलेही, ही अट त्याच लेखात आहे. तुमचा साक्षीदार फितूर झाला!
एन्रॉनवरून एवढंच कळतं की पुस्तिका छापून नीती येत नाही. मान्य.
आता राणा प्लाझा बघा. बांगलादेशात ढाक्याजवळची आठ मजली इमारत, वर कपड्यांचे कारखाने. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना आणि खांबांना मोठ्या भेगा दिसल्या. खालच्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी शाखा उघडलीच नाही. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं. यायला कचरणाऱ्या काहींना पगार कापण्याची धमकी मिळाली. सकाळी वीज गेली, जनरेटर सुरू झाले आणि थोड्याच वेळात इमारत खाली बसली. ११३४ माणसं गेली.
भेगा त्याच, कायदा तोच. बँकेने एक ठरवलं, कारखानदारांनी दुसरं. हा फरक कायद्याच्या कुठल्या कलमात बसतो ते सांगा.

निवांत:
कायदा तोच होता, पण पाळला कुणी? वरचे मजले मुळात बेकायदा चढवलेले होते. आणि पुढे जे सुधारलं ते तिथून कपडे शिवून घेणाऱ्या परदेशी ब्रँडांना पाझर फुटला म्हणून नाही. कायदेशीर बंधन असलेला सुरक्षा करार झाला, दोनशेच्या वर कंपन्यांना त्यावर सह्या कराव्या लागल्या, मग तपासण्या झाल्या. पारडं हिशेबींकडे झुकतंय.

हिशेबी:
धन्यवाद. आता कुणीतरी टायलेनॉल या अमेरिकी वेदनाशामकाचं उदाहरण काढणारच, म्हणून मीच काढतो. १९८२, शिकागो परिसर. कुणीतरी त्याच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं, सात जण दगावले. दोष कंपनीचा नव्हता, तरी तिने जवळपास ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च सुमारे १० कोटी डॉलर. पण वर्षभरात बाजारातला बराचसा वाटा परत मिळाला! हा लांबच्या नजरेचा नफाच झाला ना? त्याला वेगळं नाव कशाला?

आडवाप्रश्न:
वर्षभराने काय होणार हे त्या दिवशी कुणाला दिसत होतं? हे नाव आता संपलं, असं जाहिरात क्षेत्रातले जाणकार उघड म्हणत होते. फळ मिळालं म्हणून निर्णय हिशेबाचा होता, हे मागाहून बोलणं झालं.

सुटेभाग:
इतका वेळ नुसता वाचत होतो. तुमची सगळी उदाहरणं पेपरात येणारी. मी एक छोटा पुरवठादार, माझ्याकडचं सांगतो.
एका मोठ्या कंपनीच्या ऑर्डरवर पैसे देण्याची मुदत '४५ दिवस' छापलेली असते. माल पोचतो, वापरलाही जातो. मुदत उलटल्यावर फोन केला की बिल 'सिस्टीमला दिसत नाही', पुन्हा पाठवा. मग माल पोचल्याच्या पावतीवरचा गेटचा शिक्का पुसट निघतो. मग सही करणारे साहेब टूरवर. यात चोर कुणीच नाही, अकाउंट्समधला मुलगा तर बिचारा ओशाळून बोलतो. वर्षअखेरीला ताळेबंदात रोकड जास्त दिसली पाहिजे, असं वरून आलेलं असतं. तोवर मी बँकेकडून व्याजाने उचलून माझ्या कामगारांचे पगार करतो. थोडक्यात, त्या कंपनीला बिनव्याजी कर्ज मी देतोय. आणि तिच्या रिसेप्शनमध्ये 'आमची मूल्ये' म्हणून ही मोठी पाटी.

हिशेबी:
हा सरळ करारभंग आहे. कोर्टात जा, व्याज मागा. नीती मध्ये कुठे आली?

सुटेभाग:
कायदे आहेत की. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात कंपन्या-कंपन्यांतल्या व्यवहाराला सर्वसाधारणपणे ६० दिवसांची मर्यादा आहे, आणि उशीर झाला की वेगळी नोटीस न देताही व्याज लागू होतं. तरी तिथलेही छोटे पुरवठादार उशिराच्या नावाने ओरडतातच. व्याज लावायला हात धजत नाही हो. लावलं की पुढची ऑर्डर दुसऱ्याला. कोर्टात जायचं ते गिऱ्हाईक सोडायचं ठरवल्यावरच.

निवांत:
मग हा ताकदीचा प्रश्न झाला. बाहेर दहा पुरवठादार ताटकळत असताना वेळेवर कोण देईल?

सुटेभाग:
देणारे आहेत. माझं दुसरं एक गिऱ्हाईक भावात घासाघीस करून जीव नकोसा करतं, दर वर्षी दोन टक्के कमी करा म्हणून मागे लागतं. पण तारखेला पैसे खात्यात. त्यांच्या दाराशीही दहा जण उभे आहेतच, तरी. त्यांची उत्पादनाची लाइन अडली तेव्हा मी रात्रपाळी लावून माल पोचवलाय. यालाही नफ्याचाच हिशेब म्हणाल, म्हणा.

हिशेबी:
म्हणणारच. पण एक विचारतो. तिथला मॅनेजर बदलला आणि नव्याला रोकड वाचवायचं टार्गेट मिळालं तर?

सुटेभाग:
बदललाय. त्याच्या हाताखालून जाणारं पहिलं बिल याच महिनाअखेरीस आहे. इथेच कळवतो.