मोकाट कुत्री-गुरं पकडणाऱ्या पथकाचा प्रमुख पशुवैद्यकच हवा का?

इंदिरानगरकर
आपल्या नाशिक महापालिकेत मोकाट जनावरांचं काम ज्या अधिकाऱ्याच्या हाती असतं, तो पदवीधर आणि नोंदणीकृत पशुवैद्यकच असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. परवा सोसायटीच्या बैठकीत यावरून चांगलीच खडाजंगी झाली. समोरच्यांचं म्हणणं असं, "गाड्या फिरवायच्या, तक्रारी मिटवायच्या, त्याला डॉक्टर कशाला? स्वच्छता निरीक्षकाला अधिकार द्या, तो करेल." मला हे पटत नाही. का, ते लिहितो.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रा पकडायचा, निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस टोचायची, कानाला खाच पाडायची आणि जिथून उचलला तिथेच नेऊन सोडायचा. ऐकायला सोपं आहे. पण ही मादी गाभण आहे का? पिल्लांना पाजते आहे का? हा कुत्रा लाळ गाळतोय तो रेबीजमुळे, डिस्टेंपरमुळे (कुत्र्यांचा एक विषाणूजन्य आजार) की जबड्यात हाड अडकल्यामुळे? लांबून तिन्ही सारखेच दिसतात. रेबीजचा दाट संशय असेल तर त्याला वेगळं ठेवायचं असतं. असाध्य जखमी जनावराला वेदनारहित मरण द्यायचं तर ते पशुवैद्यकाच्याच हातून. भुलीसाठी वापरलं जाणारं केटामाइन शेड्यूल एक्समधलं, म्हणजे त्याच्या थेंबाथेंबाचा हिशोब ठेवावा लागतो. शिवाय १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याला शस्त्रक्रिया करता येत नाही.

आणि बिलांची गोष्ट. किती शस्त्रक्रिया झाल्या हे काढलेले अवयव मोजून पडताळायचे असतात. फॉर्मॅलिनच्या डब्यात अंडाशयं, गर्भाशयं, वृषणं ठेवलेली असतात. नुसती संख्या कारकूनही मोजेल. पण अंडाशयाचा तुकडा आत राहून गेला तर ती मादी पुन्हा माजावर येते, आणि डब्यातलं अंडाशय अख्खं आहे की अर्धवट, हे ज्याने स्वतः ते काढलंय त्यालाच कळतं. ज्याला हे कळत नाही, तो ठेकेदाराचं काम तपासणार कसं?

सातपूर कॉलनी
पूर्ण असहमत. मी दुसऱ्या एका शहराच्या आरोग्य खात्यात नोकरी केली आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

तुम्ही जे सांगितलंत ते शस्त्रक्रियागृहातलं काम. तिथे पशुवैद्यक हवाच, त्याबद्दल वादच नाही. पण खात्याचा प्रमुख दिवसभर काय करतो? निविदा काढतो, ठेकेदाराची मुदत सांभाळतो, पोलिस बंदोबस्त मागतो, माहिती अधिकाराला उत्तरं देतो, सभागृहात नगरसेवकांचं ऐकून घेतो, गाडी अडवणाऱ्या जमावाशी बोलतो. यातलं काहीही पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकवत नाहीत. चांगल्या सर्जनला या खुर्चीत बसवलं की त्याचा शस्त्रक्रियेचा सराव सुटतो आणि फाइल तर तरीही हलत नाही. दोन्हीकडून नुकसान.

आणि कुत्री वाढतात कशामुळे? मटणाच्या दुकानांमागचा कचरा, हॉटेलांचं उरलेलं अन्न, घंटागाडी येऊन गेल्यावर कोपऱ्यावर टाकलेल्या पिशव्या. हे आवरायचे अधिकार घनकचरा खात्याकडे असतात, डॉक्टरकडे नसतात. तुमचा पशुवैद्यक त्या खात्याला पत्र लिहील आणि उत्तराची वाट बघत बसेल.

पंचवटीतला पशुवैद्यक
मी या व्यवसायात आहे, म्हणून दोघांनाही थोडं बोलतो.

आमची पदवी साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, कुठेही शिका, अभ्यासाचा मोठा भाग गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांचा असतो. ते बरोबरच आहे, राज्याची गरज ती आहे. पण पदवी हातात पडल्या पडल्या रोज रांगेने रस्त्यावरच्या माद्यांची निर्बीजीकरणं करता येतात असं कुणी समजू नये. लहान छेद, कमी रक्तस्राव, टाके असे की मादीने चाटले तरी उसवू नयेत, कारण सोडल्यावर तिच्या गळ्यात कॉलर बांधायला कुणी नसतं. हे अनुभवी माणसाच्या हाताखाली उभं राहूनच येतं. म्हणून "पदवी अनिवार्य" एवढंच लिहून भागणार नाही. जाहिरातीत "श्वान निर्बीजीकरणाचा प्रत्यक्ष अनुभव" असंही लिहिलं पाहिजे, आणि तो तपासलाही पाहिजे.

सातपूरकर, प्रशासन शिकता येतं. पण या कामाचा गाभा रोगनियंत्रण आहे. एखाद्या भागातल्या साधारण ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. कोणत्या भागापासून सुरुवात करायची, लस कधी संपते, कोणती पिल्लं सुटली, याचा आराखडा हा वैद्यकीय निर्णय आहे. निविदा त्याच्या मागून येते.

पाथर्डी फाटा, एक आई
माझ्या मुलाच्या पोटरीला कुत्रा चावला. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुतली, मग दवाखाना, लस, जखमेत रेबीजविरोधी सिरमचं इंजेक्शन. तो ओरडत होता आणि मी त्याचा पाय धरून बसले होते. लसीचे दिवस पाठ आहेत: ०, ३, ७, २८.

डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रा दिसतो का अजून? दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा." कुणी ठेवायचं? मी? नोकरी करून, मुलाला घेऊन, गल्लीतल्या सात तपकिरी कुत्र्यांमधला तो एक ओळखून? मी एका कार्यालयात फोन केला, त्यांनी दुसरा नंबर दिला, दुसऱ्यांनी पुन्हा पहिलाच. तुम्ही खुशाल पदवीवर वाद घाला. मला एक माणूस हवा आहे, ज्याचं नाव आणि फोन माझ्या प्रभागात लिहिलेला असेल आणि जो म्हणेल, "ताई, कुत्रा माझ्या ताब्यात आहे, जिवंत आहे, काळजी करू नका."

इंदिरानगरकर
ताई, तुम्ही म्हणता ते अगदी रास्त आहे, आणि म्हणूनच मी पशुवैद्यकाचा आग्रह धरतो. त्या दहा दिवसांत कुत्रा खातो का, पाणी पितो का, आवाज बदलला का, मागचे पाय ओढतो का, हे बघून अर्थ लावणारा माणूस लागतो. फोन उचलणं ही त्याच्या नेमणुकीची अटच असावी.

सिडको, त्रिमूर्ती चौक
मला मुळात "तिथेच परत सोडा" हेच मान्य नाही. चावणारं जनावर टाके घालून त्याच गल्लीत आणून सोडायचं आणि त्याला उपाय म्हणायचं? सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून पुन्हा तिथे सोडू नका, असं सांगितलं. म्हणजे धोका न्यायालयालाही दिसला. ही अंमलबजावणी करायला खमका अधिकारी लागतो. जागा ताब्यात घेणारा, निवारा बांधून घेणारा, विरोध झाला तरी मागे न हटणारा. डॉक्टर नियमांवर बोट ठेवून बसेल.

गंगापूर रोड, रोज खाऊ घालणारी
त्याच न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ ला सांगितलं होतं की निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री त्याच भागात सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक असतील तीच सोडू नका, आणि खाऊ घालायला जागा ठरवून द्या. आता "आक्रमक" कुणी ठरवायचं? पिल्लांजवळ गेल्यावर गुरगुरणारी आई आक्रमक की घाबरलेली? खमका अधिकारी दोघांनाही एकाच पिंजऱ्यात टाकेल.

माझ्या ओळखीची जुनी, कान कापलेली मादी गाडीचा आवाज ऐकूनच नाल्यात उतरते. तिचं काम झालेलं आहे, तरी कुणीतरी तिला पुन्हा तारेच्या फासाने ओढलं होतं, गळ्याला वळ होता. वाईट पद्धतीने पकडलं की त्या भागातली सगळी कुत्री पुढच्या वेळी पळतात आणि लस द्यायची राहते. वागणूक समजणारा माणूस नेमा, एवढंच मागणं आहे.

मखमलाबाद, गोठेवाला
सगळे कुत्र्यांवरच बोलताहेत. रस्त्यावरची गुरंही याच खात्याकडे येतात ना? सकाळी धार काढून गाय सोडून देणारे आमच्यातच आहेत, ते मला मान्य नाही. पण कोंडवाड्यात टाकलेली गाय वेळेवर तपासली नाही तर तिथेच मरते. पोटात किलो किलो प्लास्टिक असतं. डावी कूस फुगलेली दिसली की मला कळतं, कारकुनाला नाही कळणार. कानातला १२ अंकी बिल्ला वाचला की बऱ्याचदा मालक सापडतो, पण वाचतो कोण? लम्पी आला तेव्हा एक आजारी जनावर कोंडवाड्यात आणलं की सगळ्यांना लागण होण्याची भीती होती.

२०२७ च्या सिंहस्थात तपोवन आणि रामकुंडावर लाखो माणसं, त्यांचं उष्टं, आणि त्यामागे गुरं-कुत्री. तेव्हा फक्त पकडापकडी करणारा माणूस पुरणार नाही. माझं मत पशुवैद्यकाला.

सातपूर कॉलनी
बिबट्याचं कसं करणार? गंगापूर रोडला बिबट्या शिरला की लोक आधी महापालिकेलाच फोन करतात. तो विषय वन खात्याचा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालचा. तिथे महापालिकेच्या अधिकाऱ्याचं काम गर्दी हटवणं आणि वन खात्याला वाट करून देणं. पुन्हा तेच, प्रशासन.

भाऊ गाडीवर काम करतो
मी बराच वेळ वाचत होतो. माझा धाकटा भाऊ ठेकेदाराकडे कुत्री पकडणाऱ्या गाडीवर आहे. कोणत्या शहरात आणि कुणाकडे, ते लिहीत नाही, त्याची नोकरी जाईल.

तुम्ही सगळे वरच्या खुर्चीची पात्रता ठरवताय. जाळी हातात धरणाऱ्याची पात्रता कुणी विचारली का? त्याला पहिल्याच दिवशी गाडीवर चढवलं. शिकवणारं कुणी नव्हतं, जुन्या पोरांचं बघून शिकला. जाळी टाकायची ती मागून, कुत्र्याच्या डोळ्यात बघायचं नाही, एकाने पुढे राहून लक्ष वेधायचं. चावतो तो जाळीत नाही, जाळीतून पिंजऱ्यात सरकवताना चावतो, कारण तेव्हा हात अगदी तोंडाजवळ असतो. चामड्याचे हातमोजे मिळाले ते फाटके, अंगठ्याच्या जागी भोक. चावल्यावर घ्यायच्या लसी घेतल्या, पण चावायच्या आधी घ्यायची लस असते हे त्याला एका खासगी डॉक्टरने सांगितलं.

त्याला काही झालं तर कोण जबाबदार? तो महापालिकेच्या पटावर नाही.

पंचवटीतला पशुवैद्यक
भाऊ, त्याला लगेच घेऊन जा. आधी घ्यायची लस ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी असते. एकदा झाली की पुढे चावल्यावर दोनच डोस लागतात, ० आणि ३, आणि सिरम लागत नाही. पण चावल्यावरचा पूर्ण कोर्स झालेला असेल तर तो आधी घेतल्यासारखाच धरतात, म्हणून त्याचे जुने कागद डॉक्टरांना नक्की दाखवा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून यात चालढकल नको. ही लस न देता कुणालाही गाडीवर चढवणं मला अमान्य आहे.

इंदिरानगरकर
भाऊंनी लिहिलेलं वाचून माझी मागणी वाढवतो. प्रमुख पशुवैद्यक, हे माझं मत तसंच आहे. पण निविदेतच लिहिलेलं हवं: गाडीवरच्या प्रत्येक माणसाला आधी लस, पकडण्याचं रीतसर प्रशिक्षण, धड हातमोजे, विमा. लसीची प्रमाणपत्रं जोडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघू नये. या सगळ्या मागण्यांचं पत्र मी महापालिका आयुक्तांच्या नावे लिहितोय. नियमांनुसार शहराची देखरेख समिती त्यांच्याच अध्यक्षतेखाली असते, म्हणून तिथेच द्यायचं.

सातपूर कॉलनी
या पत्रावर माझी सही घ्या. फक्त "प्रमुख पशुवैद्यकच" हे वाक्य त्यात असेल तर मी करणार नाही. तो मुद्दा वेगळ्या पत्रात द्या, त्याच्या विरोधात मी माझं पत्र देईन.

पाथर्डी फाटा, एक आई
दोन्ही पत्रांत फोन उचलण्याची अट घाला. रात्रीचीसुद्धा.