मदत हवी आहे: जुनी फोर बाय फोर, ६० च्या पुढे स्टेअरिंग थडथडतं

मंडळी, गेल्याच आठवड्यात सेकंडहँड फोर बाय फोर घेतली, पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड ॲक्सल) आणि कॉइल स्प्रिंग, आधीच्या मालकाने २ इंच लिफ्ट केलेली, म्हणजे सस्पेन्शन उंच केलेलं. कच्च्या रस्त्यावर मस्त चालते पण डांबरीवर ६० च्या पुढे एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग असं थडथडतं की दोन्ही हातांनी आवरत नाही, पार स्पीड कमी केल्याशिवाय थांबतच नाही. परवा मुलगी शेजारी होती, घाबरून रडायलाच लागली.

मेकॅनिक म्हणतो स्टेअरिंग डॅम्पर (स्टेअरिंगचे झटके शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) बदला. मला नाही पटत, डॅम्पर नुसती थरथर दाबणार, ढिलेपणा तसाच राहणार ना? काल गाडी चाकांवर उभी ठेवून, इंजिन चालू करून बायकोला स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे हलवायला लावलं नि मी खाली शिरून बघितलं, तर पॅनहार्ड रॉडचा (ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू न देणारा आडवा दांडा) बोल्ट ॲक्सलच्या ब्रॅकेटमध्ये सरकतोय, भोक चक्क लांबट झालंय. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट हे स्टेअरिंग-चाकांचे सांधे ठीक वाटले, चाकांचं बॅलन्सिंगही झालंय.

ब्रॅकेटला जाड वॉशर वेल्ड करून चालेल का नवीनच बसवू? आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही, म्हणजे लिफ्टमुळे कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन, ज्याने स्टेअरिंग सरळ येतं) कमी झाला असेल का? तो सुधारायला कोणी ॲडजस्टेबल लोअर आर्म (ॲक्सल चेसिसला जोडणारे, लांबी बदलता येणारे खालचे दांडे) लावलेत का? तोवर गाडी हायवेला काढत नाहीये.