अनुभव धागा : वस्तीतल्या आजी-आजोबांसाठी काय करता, नेमकं कसं करता?

नौपाडा, ठाणे
सोसायटीच्या मीटर रूममध्ये जुनी व्हीलचेअर दिसली आणि आमच्या ज्येष्ठांसाठीच्या मंडळाचे सुरुवातीचे दिवस आठवले. खुर्ची देणगीत मिळते, चालवायला कोणी शिकवत नाही. उतारावरून ती उलटी उतरवा, ढकलणारा खालच्या बाजूला. सरळ नेली की माणूस पुढे घसरतो. उठवण्याआधी दोन्ही ब्रेक लावा, मग पायठेवण्या वर. पायठेवणीवर भार देऊन उठलं की खुर्ची पुढे कलंडते. तुम्हीही लिहा.

कोपरखैरणे
ब्रेक लागत नसेल तर आधी टायरची हवा बघा! ब्रेक टायरवरच दाबतो, हवा कमी असली की पकड नाही. पुढच्या छोट्या चाकांत केस, दोरे गुंततात, तेही काढा. उघडताना सीटच्या दांड्या तळव्याने दाबायच्या, बोटं आतल्या बाजूला. बाहेर राहिली की चिमटलीच.

वाशी
आमच्याकडे सिडकोच्या लिफ्ट नसलेल्या इमारती. जिन्यात रॅम्पच्या बरोब्बर उलट: माणसाचं तोंड खाली उतरायच्या दिशेला, खुर्ची मागे कललेली, ताकदवान माणूस वर हँडलपाशी. पुढच्याने फ्रेमच धरायची. पायठेवणी किंवा खुर्चीचा हात धरला तर निघून येतो. पट्टा बांधा, प्रत्येक लँडिंगवर थांबा. पाणी आलं, पळते.

ऐरोली
नोव्हेंबर जवळ आलाय म्हणून. पेन्शन चालू राहायला नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला केंद्र सरकारी पेन्शनवाल्या 80 वर्षांपुढच्यांना 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, गर्दीत नेऊ नका. बोटांचे ठसे झिजलेले असतात, मशीन घेत नाही. फोनवर आधार फेसआरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप टाका, चेहऱ्यावर समोरून उजेड, खिडकी पाठीमागे नको. पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर पासबुकातून नाही, मूळ कागदावरून बघून टाका. तो किंवा पेन्शन देणारी बँक चुकली की दाखला नाकारला जातो आणि घरच्यांना पेन्शन थांबल्यावर कळतं. आठवड्याने स्थिती तपासाच.

कळवा
@ऐरोली ईपीएस (पीएफची पेन्शन) पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरचं बंधन नाही. कधीही द्या, तिथून 12 महिने चालतो.

ऐरोली
हो, बरं झालं लिहिलंत. त्यांची यादी वेगळी ठेवा.

घोडबंदर रोड
खुर्चीचं नाही, डब्याचं लिहिते. घट्ट झाकणाचे डबे देऊ नका, संधिवाताच्या बोटांना उघडत नाहीत आणि वरण तसंच राहतं. सैल झाकण, खाली ताटली. डबा दाराच्या कडीला लावून निघू नका, हाक मारून हातात द्या. कालचा डबा भरलेला परत आला तर लगेच घरच्यांना फोन.

वाशी
आले परत. एकट्या राहणाऱ्यांच्या दारामागे 14567 मोठ्या आकड्यांत लिहून लावा, ज्येष्ठांची हेल्पलाइन. अक्षर जाड, काळ्या शाईत. निळं त्यांना दिसत नाही नीट.